बाराव्या वर्षी येणारी दाढ : किशोरवयातली कीड घरच्या घरी कशी रोखायची

सहावी-सातवीतल्या मुलाला दाखवायला आणणाऱ्या आईला मी एक प्रश्न हमखास विचारते : "ताई, ही सगळ्यात मागची दाढ कधी आली?" आई मुलाकडे बघते, मुलगा आईकडे. बाळाचा पहिला दात कोणत्या महिन्यात दिसला ते तिला पाठ असतं, पटाशीचा दात पडला तो दिवसही आठवतो. या दाढेची मात्र घरात कुणालाच खबर नसते. तिच्या जागी आधी दुधाचा दात नसतो, त्यामुळे काही हलत नाही, काही पडत नाही. जबड्याच्या शेवटच्या कोपऱ्यात ती गुपचूप हिरडी फोडून वर येते. पुष्कळदा घरच्यांची आणि तिची पहिली ओळख होते ती रात्री दोन वाजता, ठणका लागल्यावर.

आम्ही दंतवैद्य तिला 'सात नंबर' म्हणतो. साधारण ११ ते १३ या वयात ती येते आणि जन्मभर पुरायची असते. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १२ वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के आणि १५ वर्षांच्या मुलांपैकी ६३.१ टक्के मुलांच्या दातांना कीड आढळली होती. सर्वेक्षण जुनं आहे, पण माझ्या खुर्चीत बसणारी मुलं पाहिली तर चित्र फार बदललंय असं मला वाटत नाही. बारा ते पंधरा ही तीन वर्षं मला म्हणूनच फार महत्त्वाची वाटतात. नवी दाढ अजून कच्ची असते, बाहेरचं खाणं वाढतं, क्लास आणि अभ्यासामुळे झोपायची वेळ सरकते, आणि नेमकं याच काळात आईचं लक्ष दातांवरून उडतं, कारण मूल 'आता मोठं झालं'.

आधी तोंडात बघा

रविवारी सकाळी, ब्रश झाल्यावर मुलाला खिडकीजवळ बसवा आणि मोबाइलचा टॉर्च लावा. समोरच्या दोन मोठ्या दातांच्या मधल्या रेषेपासून एका बाजूला मागे मोजत जा. एक आणि दोन पटाशीचे, तिसरा सुळा, चौथी-पाचवी उपदाढ, सहावी मोठी दाढ, सातवी तिच्या मागची. सहावी दाढ सहाव्या वर्षीच आलेली असते. तिलाही अनेक घरांत 'दुधाची आहे, पडेल' म्हणून सोडून दिलेलं मी बघते. ती पडत नाही. सात नंबर अर्धवट दिसत असेल, वर हिरडीचा पदर असेल, तर तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता स्वच्छ सुती कापडाने दात पुसून कोरडे करा आणि हिरडीलगतचा भाग बघा. ओल्या दातावर न दिसणारा खडूसारखा पांढरा, निस्तेज डाग कोरड्या दातावर उठून दिसतो. हीच किडीची पहिली पायरी. पृष्ठभाग फुटलेला नसेल तर हा डाग थांबवता येतो, कधी कधी भरूनही येतो, आणि त्यासाठी ड्रिल लागत नाही. ठणका लागण्याच्या कितीतरी आधीची ही खूण असल्यामुळे ती पकडायला शिकणं फार मोलाचं आहे.

दाढेच्या वरच्या खाचांत तपकिरी-काळी रेघ दिसली तर ती कीडच असेल असं नाही, नुसता डागही असू शकतो. पण रेघेच्या बाजूचा भाग करडा, सावलीसारखा दिसत असेल किंवा तिथे अन्न अडकत असेल तर आत पोकळी झाली असण्याची शक्यता मोठी. घरी टाचणीने टोकरून बघू नका. कमकुवत झालेला पापुद्रा त्याने फुटतो.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवरचे पांढरे-पिवळे पट्टे किंवा तपकिरी ठिपके वेगळे असतात. ते दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखेच असतात आणि दात आला तेव्हापासूनच असतात. किडीचा डाग हिरडीच्या कडेला, जिथे जिवाणूंचा चिकट थर साचतो तिथे, नंतर उमटतो.

दात किडतो म्हणजे काय होतं

'कीड' या शब्दाने फार घोटाळा केला आहे. दातात किडा नसतो. धुरी देऊन दाढेतून अळ्या काढून दाखवणारे लोक अजूनही बाजारात बसतात, त्यांच्याकडे मुलांना नेऊ नका. दातांवर साचणाऱ्या चिकट थरात जिवाणू असतात. आपण साखर किंवा पिठूळ काही खाल्लं की ते त्यातून आम्ल तयार करतात. तोंडातला सामू (पीएच, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधलं, म्हणजे दातावरच्या कडक कवचातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतं. लाळ हे आम्ल हळूहळू निष्प्रभ करते, त्याला अर्धा ते एक तास लागतो, आणि मग सुटलेली खनिजं काही प्रमाणात परत बसतात. दिवसभर हे देणंघेणं चालू असतं. कीड लागते ती जाणं जास्त आणि येणं कमी झाल्यावर.

नुकत्या आलेल्या दाढेचं एनॅमल पूर्ण पक्कं नसतं. तोंडात आल्यावर लाळेतली खनिजं घेत ते पुढची काही वर्षं घट्ट होत जातं. तेवढा काळ तिला सांभाळायचं आहे.

पाऊल पहिलं : रात्रीचा ब्रश

सकाळचा ब्रश बहुतेक मुलं करतात, कारण शाळेत तोंडाचा वास येऊ नये असं त्यांनाही वाटतं. दातांसाठी खरा महत्त्वाचा ब्रश रात्रीचा. झोपेत लाळ फार कमी स्रवते आणि दातांवर राहिलेल्या थराला सात-आठ तास मोकळं रान मिळतं. रात्रीच्या ब्रशनंतर फक्त पाणी. दहावी-बारावीची मुलं जेवण झाल्यावर ब्रश करतात आणि अकरा वाजता अभ्यास करता करता बिस्किटं खातात, मग तो ब्रश वाया गेला. मोबाइल चार्जिंगला लावला की ब्रश हातात घ्यायचा, अशी जोडी लावून दिली तर पुष्कळ मुलांना जमतं.

ब्रश मऊ दात्यांचा आणि छोट्या डोक्याचा घ्या. दाते वाकडे झाले की बदला, साधारण तीन महिन्यांनी. दाते हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर तिरके टेकवून, जागच्या जागी हलके हलवत पुढे सरकायचं. वेळ दोन मिनिटं. जोर लावल्याने दात जास्त स्वच्छ होत नाहीत, हिरड्या मात्र खाली सरकतात.

सात नंबरसाठी दोन युक्त्या आहेत. अर्धवट वर आलेली दाढ शेजारच्या सहा नंबरपेक्षा बुटकी असते, त्यामुळे नेहमीसारखा पुढे-मागे फिरवलेला ब्रश तिच्या डोक्यावरून निघून जातो आणि दात्यांचा तिला स्पर्शही होत नाही. म्हणून ब्रश गालाच्या बाजूने आडवा, दातांच्या रांगेला काटकोनात आत घालायचा आणि त्या एकट्या दाढेवर दहा-बारा वेळा फिरवायचा. दुसरी युक्ती वरच्या दाढेच्या गालाकडच्या बाजूसाठी. तिथे ब्रश शिरत नाही, कारण मुलं तोंड मोठं उघडतात आणि गाल ताणला जातो. तोंड अर्धं मिटायचं आणि खालचा जबडा त्याच बाजूला थोडा सरकवायचा. लगेच जागा होते. हे मुलाला आरशासमोर एकदा करून दाखवा, तोंडी सांगून कळत नाही.

ब्रश नीट झाला का ते मुलालाच दिसावं म्हणून एक सोपी गोष्ट करा. खाण्याचा लाल रंग थेंबभर पाण्यात मिसळून कापसाच्या बोळ्याने दातांवर लावा आणि एक चूळ भरायला सांगा. थर जिथे राहिला असेल तिथे रंग धरून राहतो. ओठ रंगतात, तेव्हा सुटीच्या दिवशी करा. "ब्रश केलास का?" असं रोज विचारण्यापेक्षा हे एकदा दाखवणं जास्त लागू पडतं. या वयात पोर आपलं ऐकत नाही, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं मानतं. आणि कृपा करून तोंडाच्या वासावरून चारचौघांत बोलू नका. त्याने मूल तोंड उघडायचंच बंद करतं, आमच्यासमोरही.

पेस्टची ट्यूब वाचा

जाहिरात कडुलिंबाची असो की मिठाची, ट्यूबच्या मागे फ्लोराइड लिहिलेलं आहे का ते बघा. 'सोडियम फ्लोराइड' किंवा 'सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेट' असं नाव आणि १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) आसपासचा आकडा असायला हवा. आपल्याकडच्या नियमाने १००० ही कमाल मर्यादा आहे. सुटलेल्या खनिजांच्या जागी फ्लोराइड बसलं की तो भाग आम्लाला पहिल्यासारखी दाद देत नाही, आणि पांढरा डाग थांबतो तो यामुळेच. अनेक आयुर्वेदिक पेस्टमध्ये ते मुळीच नसतं. कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी थर घासून काढते हे खरं, पण फ्लोराइडचं काम काडी करू शकत नाही. राख, कोळसा, भरड लाल मंजन यांनी एनॅमल झिजतं.

ब्रश झाल्यावर फेस थुंकायचा आणि खळखळून चुळा भरायच्या नाहीत. आपल्या सवयीच्या हे अगदी उलट आहे, हे मला ठाऊक आहे. पण चार चुळांबरोबर फ्लोराइडही मोरीत जातं. फारच चिकट वाटलं तर घोटभर पाण्याची एकच चूळ.

पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या भागातले पालक पेस्टला घाबरतात. अक्कलदाढ सोडली तर कायमच्या दातांचं एनॅमल आठव्या वर्षापर्यंत घडून झालेलं असतं, त्यामुळे तेरा वर्षांच्या मुलाने थुंकून टाकलेल्या पेस्टने दातांवर पट्टे येत नाहीत. तिथे काळजी करायची ती पिण्याच्या पाण्याची आणि घरातल्या लहानग्यांनी पेस्ट गिळण्याची.

किती गोड, यापेक्षा किती वेळा गोड

पालक मला सांगतात, "आमच्याकडे चॉकलेट आणतच नाही." मग मी दिवसाचा हिशेब मांडायला लावते. सकाळी चहा-बिस्कीट, मधल्या सुट्टीत क्रीमचं बिस्कीट, शाळा सुटल्यावर वेफर्स, क्लासला जाताना पेप्सीकोला किंवा पाकिटातला ज्यूस, आल्यावर पुन्हा चहा, रात्री अभ्यासाला कॉफी. सहा वेळा तोंडात आम्ल झालं आणि प्रत्येक वेळी सावरायला अर्धा-एक तास. लाळेला उसंतच मिळाली नाही. जेवणाबरोबर एकदाच खाल्लेले दोन मोदक या सहा घासांपेक्षा दातांना कितीतरी कमी त्रास देतात. गणपतीत मोदक, संक्रांतीला तिळगूळ, दिवाळीत फराळ मुलांनी जरूर खावा. जेवणाला जोडून खावा आणि डबा दिवसभर उघडा ठेवू नये, एवढंच.

वेफर्स आणि बिस्किटं गोड लागोत न लागोत, त्यांचं पीठ दाढेच्या खाचांत लगद्यासारखं बसतं. चिक्की आणि गुळाचंही तसंच. गूळ साखरेपेक्षा दातांना सौम्य असतो हा समज काढून टाका, जिवाणूंना दोन्ही सारखेच. भूक लागलीच तर शेंगदाणे, फुटाणे, काकडी, पेरू, उकडलेलं अंडं, पनीरचा तुकडा, ताक. यातलं बरंच काही घरात असतंच.

थंड पेयांबद्दल वेगळं सांगायला हवं. कोलामध्ये १०० मिलीला १० ग्रॅमहून थोडी जास्त साखर असते, म्हणजे ३०० मिलीच्या बाटलीत सहा-सात चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्यानुसार अशी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. २००० उष्मांकांच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. एका बाटलीत तेवढं संपून वर उरलं. शिवाय ही पेयं मुळातच आंबट. बिनसाखरेचा कोलाही दात झिजवतो. सगळ्यात वाईट सवय म्हणजे बाटली टेबलावर ठेवून तासभर घोट घोट पिणं. प्यायचंच असेल तर जेवणासोबत, स्ट्रॉने, एका बैठकीत. नंतर पाण्याने चूळ भरायची आणि निदान अर्धा तास ब्रश करायचा नाही, कारण आम्लाने मऊ झालेला पृष्ठभाग घासला जातो.

मूल दम्याचा इनहेलर घेत असेल तर प्रत्येक वेळी चूळ भरायला सांगा. खोकल्याचं गोड औषध रात्रीच्या ब्रशनंतर देऊ नका.

दोन दातांच्या मधली जागा

ब्रश तिथे पोचत नाही. सहा आणि सात नंबरच्या मधली कीड वरून दिसतही नाही, लहान एक्स-रे काढल्यावरच कळते. रात्री ब्रशच्या आधी फ्लॉसचा दोरा फिरवायचा. रोज सगळीकडे जमलं नाही तर निदान मागच्या दाढांमध्ये.

खाचा बुजवून घेणं : सीलंट

माझ्याकडे येणाऱ्या दहा पालकांपैकी जेमतेम एकाने याचं नाव ऐकलेलं असतं, आणि याची मला मनापासून हळहळ वाटते. दाढेच्या माथ्यावरच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा एक दाताही त्यांच्या तळाला पोचत नाही. सीलंट म्हणजे या खाचांत पातळ प्लास्टिकसारखं द्रव्य ओतून त्या बंद करणं. दाढ साफ करून कोरडी करतात, वीस-तीस सेकंद जेल लावून धुतात, पुन्हा कोरडी करून द्रव्य सोडतात आणि निळ्या प्रकाशाने कडक करतात. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, दुखणं नाही. एका दाढेला काही मिनिटं लागतात. पहिल्या दोन वर्षांत दाढांमधली सुमारे ८० टक्के कीड याने टळते.

यात वेळ साधावी लागते. दाढेचा संपूर्ण माथा हिरडीबाहेर आला की लगेच. म्हणूनच ती कॅलेंडरवरची तारीख. त्यानंतर दर महिन्याला टॉर्चने बघा आणि हिरडीचा पदर मागे सरला की दवाखान्यात जा. दाढ अजून अर्धी झाकलेली असेल आणि कोरडी राहत नसेल तर तात्पुरतं ग्लास आयोनोमर (दातात भरायचं एक सिमेंट) लावता येतं. सीलंटचा कपचा कधी कधी उडतो, त्यामुळे सहा महिन्यांनी तपासून घ्यायचं.

त्याच फेरीत फ्लोराइड वार्निशबद्दल विचारा. हा दातांवर ब्रशने लावायचा लेप असतो, त्यात पेस्टच्या वीसपटीहून जास्त फ्लोराइड असतं. किडीची सवय असलेल्या मुलांना वर्षातून दोनदा लावतात. लावल्यावर काही तास कडक खाणं नको आणि त्या रात्री ब्रश नको.

दातांना तारा लावल्या असतील तर

तारांच्या ठोकळ्यांभोवती पांढरे डाग महिन्याभरात उमटू शकतात. दोन वर्षांनी तारा काढल्यावर दात सरळ पण चट्ट्यापट्ट्यांचे, असं झालं की मुलगी आरशासमोर रडते आणि आम्हालाही वाईट वाटतं. अशा मुलांनी प्रत्येक खाण्यानंतर ब्रश करावा, ठोकळ्याच्या वरून आणि खालून वेगवेगळा. शाळेच्या दप्तरात छोटा ब्रश ठेवायला काही हरकत नाही. चिक्की, च्युइंगम, कडक चकली बंद.

मशेरी, खर्रा, सुपारी

दंतमंजनात तंबाखू वापरायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, तरी आजीच्या डब्यातली मशेरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, नातीच्या हातात येते. तिने दात साफ होत नाहीत, फक्त सवय लागते. विदर्भात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, आठवी-नववीतल्या मुलांपर्यंत पोचलेला मी पाहते. नुसत्या सुपारीनेही गालाचं आतलं अस्तर ताठर होत जातं आणि तोंड उघडणं कमी होतं. मुलाला तिखट झोंबायला लागलं किंवा स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी तोंडात मावेनाशी झाली, तर रागवू नका, त्याच आठवड्यात दाखवायला आणा.

कुठे जायचं

दुखत नसताना, सहा महिन्यांनी एकदा. खासगी दवाखाना परवडत नसेल तर जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंतविभाग असतो. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालयही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या या तपासणीत दातांची कीडही बघतात. पथक शाळेत येऊन चिठ्ठी देऊन जातं, ती चिठ्ठी दप्तराच्या तळाशी चुरगळलेली सापडते. पालकसभेत तिच्याबद्दल विचारा.

ठणका लागलाच तर

हिरडीवर अॅस्पिरिनची गोळी किंवा तंबाखू दाबून ठेवू नका, चामडी भाजते. वयाला आणि वजनाला योग्य एवढं पॅरासिटामोल पोटातून द्या. लवंग तेलाचा थेंब कापसावर घेऊन लावला तर तात्पुरता आराम पडतो. गालावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि ठणका आपोआप थांबला म्हणून जाणं रद्द करू नका. आतली नस मेल्यावरही दुखणं थांबतं, जंतू मात्र मुळाशी पसरत राहतात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. "डॉक्टर, काढूनच टाका, कटकट नको," असं म्हणू नका. सात नंबरच्या मुळांची टोकं दाढ आल्यावरही साधारण १४-१५ व्या वर्षापर्यंत उघडी असतात. तोवर नस जिवंत ठेवता आली तर मूळ पुढे वाढून मजबूत होतं, म्हणून लवकर आणलेल्या मुलाची दाढ वाचवायला आमच्याकडे जास्त वाटा असतात. सहा नंबर काढली तर मागची दाढ त्या मोकळ्या जागेत कलंडते आणि चावणंच बिघडतं. काढायच्या आधी एक्स-रे काढून मुळं बंद झाली आहेत का आणि दाढ राखता येईल का, एवढे दोन प्रश्न नक्की विचारा. उपचाराला दोन-तीन फेऱ्या लागतात. परीक्षा जवळ असेल तर तारखा डॉक्टरांना आधीच सांगा, औषध ठेवून दाढ तात्पुरती बंद करता येते आणि राहिलेलं काम पेपर संपल्यावर पुरं करता येतं.